पाटणच्या मठाचे माप

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. परंतु याच पाटण गावी आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक अनमोल शिलालेख सापडला, हे दर्शनार्थींपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सिंघण यादवाचा राजज्योतिषी चांगदेव (मुक्ताबाईंच्या कथेतील योगी चांगदेव निराळे) याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, असे हा लेख सांगतो.

या लेखाचा अखेरचा भाग तत्कालीन मराठीत आहे आणि तोच अधिक बोलका आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठाला दिला गेला. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाचे ठरले. गावात जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापाईचा अर्धा वाटा मठास द्यावा, असेही ठरले. ग्रहगणितासारख्या दुर्बोध शास्त्राचा भार एका बाजारपेठेने उचलला होता! विद्या हे समाजाचे दायित्व आहे, ही भावना व्यवहारात उतरली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

पण त्या मठात शिकवले जात होते ते काय? इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचला. त्यांचे विज्जडविड नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या विचारपद्धतीविषयी मात्र संदिग्धता नाही. उपपत्तीवाचून गणकाला विद्वत्सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचाही संशय फिटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पृथ्वीला आधार कोणाचा, या प्रश्नावर त्यांनी उलट विचारले : त्या आधाराला आधार कोणाचा? कोठेतरी थांबून स्वशक्तीने स्थिर असलेले काही मानावेच लागणार असेल, तर ते पृथ्वीलाच का मानू नये? गोलाच्या पृष्ठफळाबाबत पूर्वाचार्य लल्लांचा नियम चुकीचा असल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले. पूर्वसूरींविषयीचा आदर त्याच्या आड आला नाही.

ही परंपरा एकोणिसाव्या शतकातही उपयोगी पडली. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. त्याच सुमारास भोपाळजवळ सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी आमच्या सिद्धांतग्रंथांच्याच आधारे विद्यार्थ्यांना कोपर्निकसपर्यंत नेत होता. त्याच्या सहवासातील पंडित सुबाजी बापू यांनी नव्या ज्योतिषाचा परिचय मराठीतून करून दिला. विद्यार्थ्याच्या परिचित ज्ञानावर नवे ज्ञान उभारण्याचा हा मार्ग होता. पुढे राज्यकर्त्यांनी दुसरा मार्ग निवडला आणि विज्ञान म्हणजे परक्या भाषेतील पाठांतर, हा समज रूढ झाला.

खानदेशाने उपपत्तीचा हाच आग्रह इतिहासाच्या क्षेत्रातही पाहिला आहे. आयुष्याची अखेर धुळ्यात झालेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘आधी अस्सल साधन, मग विधान’ ही शिस्त महाराष्ट्राला लावली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आजही ती आठवण जपून आहे.

आता प्रश्न आपला. प्राचीन भारतात सर्व काही होते, असे व्यासपीठांवरून सांगणे सोपे आहे. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा निर्देश केला हे खरे. परंतु न्यूटनचा गणिती नियम ही निराळी गोष्ट आहे. दोन्हींचे मोल जाणणे म्हणजेच अभिमान. पुराव्याविना केलेला दावा भास्कराचार्यांच्या सभेत टिकला नसता. दुसरीकडे, आमचे सारे भाकड होते असे न वाचताच ठरवणाऱ्यांचीही उपपत्ती तितकीच लंगडी आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान देऊ केले. ते स्थान नावांच्या यादीने भरू नये. भास्कराचार्यांनी एकाच रेखावृत्तावरील दोन नगरांच्या अक्षांशांतील फरक व त्यांतील अंतर यांवरून त्रैराशिकाने पृथ्वीचा परिघ काढण्याची रीत दिली आहे. शिरपूर आणि चाळीसगाव ही गावे जवळपास दक्षिणोत्तर रेषेत असून त्यांत सरळ अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. डिसेंबरातील एका दिवशी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी काठी रोवून माध्यान्हीची सावली मोजावी. सूर्याच्या उंचीत एका अंशाहून थोडा कमी फरक यायला हवा. उत्तर चुकले तर का चुकले, हे शोधावे. या प्रयोगाला प्रयोगशाळेचा खर्च लागत नाही. लागतो तो प्रश्न विचारू देणारा शिक्षक.

पाटणच्या पेठेने मठाला तेल पुरवले आणि मठाने पेठेला माप दिले. आज शाळांना साहाय्य करणाऱ्या दात्यांची खानदेशात वाण नाही. त्या साहाय्यातून पाठांतर वाढते की पारख, हे मात्र समाजाने मोजून घेतले पाहिजे.