कूस बदलण्याची गोष्ट

११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस. लंडनच्या या डॉक्टरांनी १८१७ मध्ये कंपवातावर निबंध लिहिला. झोपमोडीची नोंद त्यातही आहे. आपल्याला मात्र हाताचा कंप दिसतो, रात्र दिसत नाही. रात्री कंपवाताच्या गोळीचा असर ओसरला की अंग लाकडासारखं होतं आणि साधी कूस बदलणं जिवावर येतं. त्यात आपली लाडकी कापसाची गादी, मधोमध खड्डा पडलेली! माणूस रुततो तो रुततोच. गादी जरा घट्ट हवी, पलंग बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढाच उंच. कमरेखाली सॅटिनचा पट्टा अंथरला तर वळणं सोपं जातं. टाचांखाली मात्र सुतीच चादर, नाहीतर रेटा मिळत नाही. आणि आजीची गोधडी? मायेची खरी, पण पायांवर फार जड.