‘लाइन ऑफ ड्युटी’ आणि सांगलीची कोठडी: रेकॉर्डिंगचं बटण कुणाच्या हातात?

चौकशीच्या खोलीत रेकॉर्डर सुरू होतो आणि एक लांबलचक ‘बीप’ वाजत राहतो. तो थांबेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. समोर संशयित म्हणून बसलेला माणूस पोलीस अधिकारी असतो. प्रश्न विचारणारेही पोलीसच.

बीबीसीची ‘लाइन ऑफ ड्युटी’ ही मालिका 2012 ते 2021 या काळात सहा सीझन चालली. जेड मर्क्युरिओ यांनी लिहिलेल्या या मालिकेत ‘एसी-12’ हे काल्पनिक पथक भ्रष्ट पोलिसांच्या मागावर असतं. शेवटचा भाग ब्रिटनमध्ये सव्वा कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. आपल्याकडे ‘सीआयडी’त दयाने दरवाजा तोडला की टाळ्या पडायच्या. इथे सगळा थरार टेबलावर पुढे सरकवलेल्या एका कागदात असतो.

पहिल्याच भागात पोलिसांचं पथक चुकीच्या घरात घुसतं आणि एक निरपराध माणूस मारला जातो. वरिष्ठ म्हणतात, सगळ्यांनी एकच जबाब द्या. स्टीव्ह आर्नोट नावाचा अधिकारी नकार देतो.

हे पाहताना मला सांगली आठवली.

नोव्हेंबर 2017. दोन हजार रुपयांच्या लूटमारीच्या गुन्ह्यात सांगली शहर पोलिसांनी दोन तरुणांना पकडलं. त्यातला एक कोठडीतल्या मारहाणीत मरण पावला. मृतदेह सिंधुदुर्गातल्या आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि इकडे ठाण्यातून सांगण्यात आलं की दोघंही पळून गेले. बनाव दोन-तीन दिवसांतच उघडा पडला, उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. राज्य सीआयडी हीसुद्धा पोलीस दलाचीच शाखा.

कायदा काय म्हणतो?

कायदा आहे, आणि बऱ्यापैकी कडक आहे. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह रेकॉर्डिंग करणारे, अंधारातही दिसेल असे कॅमेरे लावायला सांगितलं. गेट, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, मागची बाजू, काहीच सोडायचं नाही. फुटेज 18 महिने जपायचं, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एक साधा फुल एचडी कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट डेटा पाठवतो असं धरा. दिवसाला साधारण 21.6 जीबी होतात. दहा कॅमेरे म्हणजे 216 जीबी. 18 महिन्यांचं फुटेज ठेवायचं तर जवळपास 118 टीबी जागा हवी. दुकानात मिळणारा 4 टीबी डिस्कचा डीव्हीआर बसवला तर तो 18 दिवसांत भरतो आणि जुन्यावर नवं लिहायला लागतो. आदेश 18 महिन्यांचा, यंत्र 18 दिवसांचं. फुटेज मुद्दाम पुसायचीही गरज नाही, नुसती तीन आठवडे दिरंगाई केली की काम होतं.

त्याहून मोठी अडचण त्याच आदेशात आहे. कॅमेरे चालू ठेवणं, डेटा जपणं, बिघाड कळवणं ही जबाबदारी ठाणे प्रमुखाची. देखरेखीला जिल्हा समिती आहे, पण रोजचं बटण त्याच इमारतीत. सप्टेंबर 2025 मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, यातच सगळं आलं.

कॅमेऱ्याशिवाय आणखी एक साक्षीदार असतो, डॉक्टर. अटकेतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे 1996 च्या डी. के. बसू निकालात सांगितलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये साताऱ्यातल्या फलटणमध्ये उपजिल्हा रुग्णालयातल्या एका डॉक्टर तरुणीचा मृत्यू झाला. तळहातावर लिहून तिने एका पोलीस उपनिरीक्षकावर बलात्काराचा आरोप केला होता. त्याआधी काही महिने, आरोपींच्या तपासणीवरून पोलीस दबाव आणतात अशी लेखी तक्रारही तिने केली होती. कुणाकडे? पोलिसांच्याच वरिष्ठांकडे. आरोपांचा निकाल न्यायालयात लागेल. पण तक्रार त्याच दलाच्या दारात का न्यावी लागली, हा प्रश्न निकालावर अवलंबून नाही.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही, नाहीतर ही मालिका चाललीच नसती. पण तिथे पोलीस कोठडीतला मृत्यू स्वतंत्र आयओपीसी या संस्थेकडे कळवावाच लागतो. आपल्याकडे 2006 च्या प्रकाश सिंग निकालानंतर, 2014 च्या दुरुस्तीने राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश. चांगली गोष्ट आहे, पण अहवाल सरकारकडे जातो, पुढची कारवाई सरकारने करायची. शिवाय साताऱ्यातल्या किती जणांना हे प्राधिकरण माहीत आहे? मी ओळखीच्या सात-आठ जणांना विचारलं. एकालाही नाही.

माझं मत असं की फुटेज ठाण्यात ठेवूच नये. ते थेट जिल्हा न्यायालयाच्या ताब्यातल्या सर्व्हरवर जावं. खर्च आहे, पण तंत्रज्ञान म्हणून यात अवघड काही नाही. बँका एटीएमचं चित्रण दूर बसून पाहतातच की.

तोवर माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारता येतात: आमच्या ठाण्यात चालू कॅमेरे किती, डिस्क किती टीबीची, आणि आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं फुटेज कोणत्या तारखेचं.