शिकवणाऱ्याचे ऋण कोणाच्या दप्तरी?

कलावंताची कारकीर्द मोजण्याची जी मापे आपल्या काळाने स्वीकारली आहेत, ती बहुतेक सारी व्यापाराच्या पेढीवरून आलेली आहेत. किती ध्वनिमुद्रिका निघाल्या, कोणत्या नामांकित नाट्यगृहात कार्यक्रम झाला, कोणते पारितोषिक पदरी पडले, यांची फेरिस्त तयार झाली की चरित्र सिद्ध झाले असे मानण्याचा शिरस्ता पडून गेला आहे. आणि त्या फेरिस्तीच्या अगदी अखेरीस, शाई सरत आली असताना सुचल्यासारखे, उत्तरायुष्यात त्यांनी अध्यापन केले, एवढे एक वाक्य येते. या शिरस्त्याने पुष्कळ गुणी माणसांवर अन्याय केला आहे. परंतु त्याचे सर्वांत ठळक उदाहरण द्यावयाचे झाले, तर मी लॅटिन जॅझमधील बासरीवादकांचे, आणि त्यांतही अल्बेर्तो सोकारास या क्यूबन वादकाचे नाव घेईन.

सोकारास यांचा जन्म १९०८ साली क्यूबाच्या पूर्व भागातील मान्सानियो या बंदराच्या गावी झाला. बासरीचे पहिले धडे त्यांना आईकडून मिळाले, पुढले शास्त्रशुद्ध शिक्षण सांतियागो दे कूबा येथील संगीतशाळेत झाले, आणि त्यानंतर हवानाच्या नाट्यगृहांतील वाद्यवृंदांत व मोइसेस सिमोन्स यांच्या जॅझ वाद्यमेळात उमेदवारी करून १९२७ साली ते न्यूयॉर्कला पोहोचले. हातात धातूची पाश्चात्त्य बासरी आणि अंगात अभिजात संगीताची तालीम असलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाला अमेरिकेतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांचे दरवाजे त्या काळी जवळजवळ बंदच होते; उघडे होते ते हार्लेममधील नृत्यगृहांचे, संगीतिकांच्या वादकमंडळींचे आणि ध्वनिमुद्रिकांच्या कारखान्यांचे. क्लॅरेन्स विल्यम्स यांच्या वाद्यमेळाबरोबर विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत सोकारास यांनी वाजवलेले एकल तुकडे हे जॅझमधील बासरीच्या आद्य ध्वनिमुद्रणांपैकी मानले जातात. बहुतेक ग्रंथकार त्यांची नोंद येथे करतात आणि येथेच संपवतात.

आता, पहिलेपणाचा मान लहान आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या पहिलेपणाच्या पाठोपाठ दुसरे आणि तिसरे आले नाही, त्याचे ऐतिहासिक मूल्य कितीसे? जॅझच्या दरबारात बासरीला कायमची बैठक मिळाली ती पन्नाशीच्या दशकात, फ्रँक वेस, हर्बी मान यांच्यासारख्या वादकांनी ती हाती घेतल्यानंतर. सोकारास यांच्या तबकड्या ऐकून कोणी भराभर बासऱ्या विकत घेतल्या असे काही घडले नाही. त्या तबकड्यांपुरतेच पाहिले, तर ते एक नवल ठरतात, एवढेच. त्यांच्या हातून जे खरे कार्य झाले ते १९३८ च्या सुमारास, त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदात डिझी गिलेस्पी नावाचा एक विशीतला ट्रंपेटवादक येऊन बसला तेव्हा घडले.

क्यूबाच्या संगीताचा आधार क्लावे नावाचा पाच आघातांचा एक आकृतिबंध आहे. दोन मात्राखंडांपैकी एकात तीन आणि दुसऱ्यात दोन अशी त्या आघातांची वाटणी असते. गाणारा, वाजवणारा आणि नाचणारा या तिघांनाही ती मनात अखंड चालू ठेवावी लागते, आणि ती चुकली तर सूर कितीही निर्दोष असले तरी जाणकाराला सारे विसंगत वाटते. अमेरिकन जॅझमध्ये वाढलेल्या वादकाला ही जाण कागदावरून येत नाही. गिलेस्पी यांना ती सोकारास यांच्या मंडळींत बसून, प्रसंगी ट्रंपेट बाजूस ठेवून माराकास हाती धरल्यावर आली, आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. पुढे क्यूबन ट्रंपेटवादक मारियो बाउसा यांची मैत्री, त्यांच्यामार्फत तालवादक चानो पोसो यांची भेट, १९४७ ची ‘मान्तेका’ ही रचना, आणि त्यातून उभी राहिलेली आफ्रो-क्यूबन जॅझची शाखा हा सर्व इतिहास प्रसिद्धच आहे. त्याचे सगळे श्रेय सोकारास यांच्या नावे जमा करणे हा अतिरेक होईल. बाउसा यांचा वाटा त्यात फार मोठा आहे. पण गिलेस्पी यांच्यासारख्या कुशाग्र विद्यार्थ्याची मूलभूत तयारी ज्याने करून घेतली, त्या शिक्षकाचे नाव तळटीपेत आणि विद्यार्थ्याचे नाव प्रकरणाच्या शीर्षस्थानी, ही वाटणी न्यायाची म्हणता येणार नाही.

शिक्षकाचे ऋण असे नोंदीतून निसटते कसे, हा प्रश्न मराठी वाचकाला येथे पडणे साहजिक आहे. आपल्या रागसंगीतात गायकाचे नाव उच्चारताना त्याचे घराणे आणि त्याचा गुरू यांचे नाव ओघानेच येते; गंडाबंधनाचा विधी असतो, कोणाची तालीम कोणाकडे झाली याविषयी वाद घालणारे रसिक असतात, आणि या पद्धतीचे अनेक दोष मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की, तिच्यात शिकवणाऱ्याचे ऋण बुडत नाही. लॅटिन जॅझला अशी कोणतीही वहिवाट नव्हती. ते बंदरांतून, नृत्यगृहांतून आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांतून वाढलेले संगीत. त्यात विद्या हस्तांतरित होत होती ती रात्रीच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरून, आणि तिची सनद कोणी कोणाला लिहून देत नव्हते. परंपरा होती, परंतु परंपरेचे दप्तर नव्हते. ते ठेवण्याचे काम मग ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांकडे गेले, आणि कंपनीच्या दप्तरात जे विकले गेले तेवढेच नोंदले जाते.

क्यूबाच्या चारांगा वाद्यवृंदांतील बासरीवादनावरून हे अधिक स्पष्ट होईल. मिगेल फाइल्दे यांनी १८७९ साली मातान्सास येथे ज्या दान्सोन नृत्यसंगीताची मुहूर्तमेढ रोवली, त्याच्या आश्रयाने पुढे व्हायोलिन, पियानो, बास, तिंबालेस, ग्विरो आणि बासरी असा हा मेळ उभा राहिला. त्यातील पारंपरिक बासरी म्हणजे सहा भोकांची आणि पाच कळांची लाकडी जुनी फ्रेंच बासरी, जी युरोपातील वाद्यवृंदांनी केव्हाच मोडीत काढली होती. ध्वनिवर्धकाविना नृत्यगृहाच्या कोलाहलातून ऐकू जावे यासाठी क्यूबन वादक ती अत्यंत उंच सप्तकात वाजवीत, आणि त्या उंचीवरचे सूर नेमके लावण्यासाठी बोटांच्या ज्या खास मांडण्या लागतात त्या युरोपच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांत मिळण्याजोग्या नव्हत्या. अँतोनियो आर्कान्यो, होसे फाहार्दो, आणि सिएनफुएगोस येथे १९३९ साली स्थापन झालेल्या ओर्केस्ता आरागोनचे बासरीवादक रिचर्ड एग्वेस, या दिग्गजांची शैली जगभर नाचणाऱ्यांनी ऐकली. परंतु ती कशी सिद्ध होते हे जाणण्याचा मार्ग त्यांच्यापुढे जाऊन बसणे हाच होता. स्यू मिलर या इंग्लिश बासरीवादिकेने हवानाला जाऊन वयोवृद्ध एग्वेस यांच्याकडे ही विद्या संपादन केली, आणि त्या अध्ययनाच्या आधारे क्यूबन बासरीशैलीवरील तिचा सविस्तर ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाला. एग्वेस २००६ मध्येच निवर्तले होते. त्यांनी ते तास दिले नसते, तर आज त्या शैलीच्या अभ्यासकाला तबकडी पुनःपुन्हा लावून अंदाज बांधीत बसावे लागले असते.

न्यूयॉर्कमधील साखळीही पाहण्यासारखी आहे. ह्यूबर्ट लॉज हे ज्युलियार्ड संस्थेत ज्युलियस बेकर यांच्यासारख्या अभिजात परंपरेतील आचार्यांकडे शिकले आणि साठीच्या दशकात मोंगो सांतामारिया या क्यूबन तालवादकाच्या मेळात वाजवू लागले. त्यांच्याकडे पुढे डेव्ह व्हॅलेंटिन शिकले. व्हॅलेंटिन यांचा जन्म १९५२ साली ब्राँक्समध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात झाला. बासरीच्या आधी त्यांच्या हाती काँगा आणि तिंबालेस आले होते, आणि त्यांच्या वादनातील प्रत्येक वाक्याला जी तालाची धार असे तिचे मूळ मला तेथे दिसते. लॉज यांनी त्यांना एक महत्त्वाचा सल्ला दिला तो सॅक्सोफोनच्या मागे न लागण्याचा. दोन्ही वाद्ये वाजवणाऱ्याला अधिक काम मिळते हे उघड असूनही, सॅक्सोफोनमुळे ओठांची घडण बिघडून बासरीच्या स्वराची हानी होईल, असा त्यामागचा विचार होता. शिष्याने तो मानला, एकाच वाद्याला वाहून घेतले, १९७९ पासून जीआरपी या कंपनीसाठी दीर्घकाळ ध्वनिमुद्रणे केली, तितो प्वेन्ते यांच्या लॅटिन जॅझ मेळाचे संगीतदिग्दर्शन सांभाळले, आणि कॅरिबियन जॅझ प्रोजेक्टबरोबर २००३ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. २०१७ मध्ये ते गेले. त्या कारकिर्दीच्या पायाशी शिक्षकाने वेळेवर केलेली एक मनाई आहे, आणि मनाईची नोंद कोणत्याही तबकडीच्या वेष्टनावर होत नसते.

यावर आक्षेप घेणारे म्हणतील की, शिकवण्याचे हे गौरवगान फसवे आहे. बहुतेक वादक शिकवतात ते कार्यक्रम मिळेनासे झाले म्हणून, उदरनिर्वाहाची अन्य तजवीज नसते म्हणून. हा आक्षेप खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच माझे म्हणणे अधिक बळकट होते. उत्तरायुष्यात सोकारास न्यूयॉर्कमध्ये बासरीच्या शिकवण्या करीत, तेव्हा नृत्यगृहांचा जमाना ओसरत गेला होता. गरजेपोटी केलेले काम हे कमी प्रतीचे काम असते, हा न्याय आपण वादनाला लावत नाही. सोकारास हार्लेममध्ये रोज रात्री वाजवीत होते तेही पोटासाठीच. मग तोच न्याय अध्यापनाला का लावावा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेतील संगीतविद्यालयांत लॅटिन जॅझ आता रीतसर शिकवले जाते, आणि परीक्षेचा अभ्यासक्रम आला की जिवंत कला सांगाड्यात रूपांतरित होते अशी भीती पुष्कळांना वाटते. ही भीती मी निराधार म्हणणार नाही. स्वरलिपी वाचून एग्वेस यांचे एकल अचूक वाजवणारा, परंतु क्लावे टाळीने धरता न येणारा विद्यार्थी निर्माण करणे हे मुळीच अशक्य नाही. त्यावरचा उपाय विद्यालये बरखास्त करणे हा नसून, व्हॅलेंटिन यांच्या वाट्याला जो क्रम योगायोगाने आला तो सर्वांना देणे हा आहे: आधी हाताने ताल, शक्य तर पायाने नाच, आणि मग बासरी. हे घडवून आणायला नृत्यगृहात मुरलेला शिक्षक लागतो. म्हणजे प्रश्न फिरून शिक्षकाच्या निवडीवर, प्रतिष्ठेवर आणि वेतनावर येऊन ठेपतो.

या शिक्षकवर्गाची उपयुक्तता ज्यांना पटत नसेल त्यांनी अलीकडचा एक मामला आठवून पाहावा. ग्रॅमी देणाऱ्या संस्थेने २०११ च्या एप्रिलमध्ये पारितोषिकांचे वर्ग १०९ वरून ७८ वर आणले आणि त्या कपातीत लॅटिन जॅझचा स्वतंत्र वर्ग काढून टाकला. त्याविरुद्ध निषेध झाले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१२ मध्ये तो वर्ग पुन्हा स्थापन करण्यात आला. या लढ्याचे धुरीणत्व करणारे बॉबी सानाब्रिया हे तालवादक आहेत, तसेच न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयांत वर्षानुवर्षे लॅटिन जॅझ शिकवणारे प्राध्यापकही आहेत. मला हा योगायोग वाटत नाही. यशस्वी वादकाला आपले पारितोषिक आधीच मिळालेले असते. पुढच्या पिढीसाठी जागा राहील की नाही याची चिंता जो त्या पिढीला रोज वर्गात पाहतो त्याला लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संगीतकोश लिहिणाऱ्यांनी आणि मृत्युलेख लिहिणाऱ्या आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी कलावंताच्या नोंदीत ध्वनिमुद्रिकांच्या यादीशेजारी आणखी दोन याद्या द्याव्यात: तो कोणाकडे शिकला आणि त्याच्याकडे कोण शिकले. चारांगाची लाकडी बासरी ज्यांच्या बोटांत अजून आहे असे वादक हवानात, न्यूयॉर्कमध्ये आणि मायामीत आज वार्धक्याकडे झुकले आहेत. विद्यापीठांनी त्यांना सन्मानचिन्हे देण्यापेक्षा शिकवण्याच्या नेमणुका द्याव्यात, त्यांच्या तासांचे चित्रीकरण करून ते जतन करावे, आणि त्या तासांचा मोबदला मैफिलीच्या बिदागीहून कमी ठरवू नये. खर्चाची सबब कोणी पुढे केली, तर एकच विचारावे: मरणोत्तर गौरवसमारंभांना जो निधी मिळतो, तो जिवंतपणी तासिकांना का मिळत नाही?