टपाल सर्व्हरवरच राहू द्या

इतर खात्यांतली मेल पॉप पद्धतीने जीमेलमध्ये ओढून घेण्याची सोय 2026 मध्ये बंद करत असल्याचे गुगलने जाहीर केले आणि शहरातल्या करसल्लागारांची विचारणा सुरू झाली. फर्मच्या डोमेनची मेल आता कुठे पाहायची? आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर, जायचे का? आउटलुकमधल्या इतक्या वर्षांच्या मेलचे काय?

निमित्त गुगलचे, दुखणे जुने.

शहरात क्रांती चौकापासून सिडकोपर्यंतच्या कितीतरी छोट्या कार्यालयांत अजून एकच मुख्य संगणक, त्यावर आउटलुक, खाते पॉपवर आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली. का, तर होस्टिंगवाल्याने दिलेला छोटा मेलबॉक्स भरतो. सकाळी संगणक सुरू झाला की सगळी मेल त्या संगणकातल्या आउटलुकच्या एका पीएसटी फाइलमध्ये उतरते आणि सर्व्हर रिकामा होतो. सल्लागार वाळूजला अशिलाच्या कारखान्यात बसला असेल, तर त्याच्या मोबाइलवर काहीच नसते. वीज गेली, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, हार्ड डिस्क बसली, की टपालच थांबते.

कायदा मात्र थांबत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 13 नुसार, नेमून दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरली, की ती मिळाली. संगणक केव्हा सुरू झाला, हे तिथे कोणी विचारत नाही. जीएसटीच्या कलम 169 नुसार नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस बजावलेली ठरते. नोंदणी रद्द करण्याबाबतची आरईजी-17 नोटीस आली, तर उत्तराला कामकाजाचे सात दिवस. त्यातले तीन मुख्य संगणकाजवळ कोणी नव्हते म्हणून जावेत, याला सबब नाही.

आणि नोंदणीतला तो पत्ता पुष्कळदा असतो सल्लागाराचाच! नोंदणीच्या घाईत ओटीपी सोपा पडतो म्हणून पन्नास अशिलांसाठी एकच ई-मेल दिलेला. म्हणजे एका पीएसटी फाइलवर पन्नास धंदे टांगलेले. अशिलाला नोटिशीचा पत्ता लागतो तो बँक खाते गोठल्यावर. जीएसटी खात्याचे अधिकारीही पोर्टलवर कागद चढवला की काम झाले असे मानतात. फोन उचलून विचारणारा विरळा. पण त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी सल्लागारांनी स्वतःचा हा सोयीचा मार्ग सोडला पाहिजे.

आयमॅपबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. शिकाऊ मुलाने मोबाइलवर एक मेल पुसली, की ती सगळीकडून जाते. जागाही जास्त लागते. म्हणून आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. जीएसटीच्या कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात, तेव्हा त्यासंबंधीच्या मेलची दरमहा वेगळ्या डिस्कवर प्रत हवीच. पुरेशा जागेच्या मेलबॉक्सचे वर्षाचे भाडे विलंब शुल्काच्या तुलनेत काहीच नाही.

आपल्या करसल्लागार सभासदांना कळकळीची विनंती आहे. 20 तारखेची जीएसटीआर-3बी विवरणाची धांदल सुरू होण्याआधी पॉप खात्यात सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण करून घ्यावी. जुनी पीएसटी पुसू नये. आधी तिची प्रत काढावी, शेजारी तेच खाते आयमॅपवर जोडावे आणि चालू प्रकरणांची मेल फोल्डर करून त्यात हलवावी. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरणे बंद करावे. आणि प्रत्येक अशिलाचा स्वतःचा ई-मेल व मोबाइल नोंदणीत घालावा. ही नॉन-कोअर दुरुस्ती आहे, तिला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही.