कर शून्य, मग पॉलिसी कशासाठी?

मा. संपादक,


जानेवारी उजाडला की आपल्या अंकात ‘कर वाचवा’ असे लेख सुरू होतात आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये विमा एजंटांची ये-जा वाढते. दोन्हीकडून सल्ला एकच मिळतो: 31 मार्चच्या आत आयकराच्या कलम 80सी चे दीड लाख भरून टाका. मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. शिक्षकांची वेतन देयकं आणि फॉर्म 16 रोज हाताखालून जातात. त्या कागदांच्या भरवशावर सांगते, बहुतेक मध्यम पगारदारांसाठी हा सल्ला आता चुकीचा आहे. तो छापत राहिल्याने वाचकांचं नुकसान होतं.

आमच्या एका सरांनी परवा सही करण्याआधी पॉलिसीचा अर्ज मला दाखवला. वर्षाला 50 हजारांचा हप्ता, मुदत 20 वर्षं, विमा संरक्षण 5 लाखांचं. कोपऱ्यात एजंटाने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘करबचत 10,400’. हा आकडा जुन्या कररचनेतला, 20 टक्क्यांच्या टप्प्यातला, उपकर धरून. सरांचं वार्षिक वेतन 9 लाख. 2025-26 साठी नव्या रचनेत 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 8,25,000 उरतात. त्यावर टप्प्यांनुसार 22,500 रुपये कर निघतो आणि कलम 87ए ची सवलत तो सगळाच्या सगळा माफ करते. म्हणजे कर शून्य. याच सरांनी जुनी रचना घेऊन 80सी चे दीड लाख काठोकाठ भरले असते, तर प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर वजा करूनही त्यांना 54,080 रुपये भरावे लागले असते. जो कर लागतच नाही, तो वाचवण्यासाठी वीस वर्षं हप्ते भरायचे कशाला?

आता संरक्षणाचं पाहा. 9 लाखांच्या पगारावर चालणाऱ्या घरातला कमावता माणूस गेला, तर 5 लाख रुपये किती महिने पुरतील? सात महिनेही नाहीत. विमा हवाच, पण तो मुदतीचा, म्हणजे टर्म विमा. त्याचा हप्ता थोडा आणि संरक्षण मोठं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरचा जीएसटीही गेला आहे. एजंट मात्र टर्म विम्याचं नाव सहसा काढत नाही. त्यात त्याचं कमिशन फारसं नसतं.

जुनी रचना कोणाच्याच उपयोगाची नाही, असं माझं म्हणणं नाही. मुंबई-पुण्यात मोठं घरभाडं भरणारे, गृहकर्जाचं 2 लाखांपर्यंत व्याज वजा करू शकणारे, आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे हप्ते भरणारे असे लोक तिथे फायद्यात राहू शकतात. पण त्यासाठी वजावटी भरघोस लागतात. 15 लाख पगाराच्या माणसाला जुनी रचना परवडायची तर प्रमाणित वजावट धरून एकूण वजावट जवळपास 5 लाख 94 हजारांच्या वर जावी लागते. दीड लाखांच्या 80सी ने तिथवर पोचता येत नाही. हे गणित आपल्या लेखांत मला कधी दिसलं नाही.

‘80सी मुळे निदान सक्तीची बचत व्हायची’ असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ती सवय सुटेल याची काळजी मलाही वाटते. पण आमच्या शिक्षकांची भविष्य निर्वाह निधीची किंवा एनपीएसची कपात पगारातूनच होते. वर बचत करायची असेल तर पोस्टात पीपीएफ आहे, वर्षाला 500 रुपयांपासून. त्याचं व्याज नव्या रचनेतही करमुक्त आहे. एनपीएसमधला नियोक्त्याचा हिस्साही नव्या रचनेत वजा होतो. बचतीची सवय टिकवायला पॉलिसीच लागते असं नाही.

आणखी एका गैरसमजाचा फटका बसतो. ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ हे ऐकून अनेकांनी विवरणपत्र भरायचंच सोडून दिलं आहे. करमुक्त मर्यादा 4 लाखांची आहे. त्यापुढे 12 लाखांपर्यंत कर लागतो आणि सवलतीने माफ होतो. त्यामुळे 4 लाखांवर उत्पन्न असलेल्याने विवरणपत्र भरलंच पाहिजे. मुदत चुकली तर विलंब शुल्क 5 हजारांपर्यंत जातं, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1 हजार. बँकेने ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्राशिवाय तो परत मिळत नाही. शेअर विकून झालेल्या अल्पकालीन नफ्याला 87ए ची सवलत लागू होत नाही, हेही मोबाईलवरून शेअर घेणाऱ्या तरुण शिक्षकांना कुणी सांगत नाही. आणि कार्यालयात एप्रिलमध्ये जी रचना कळवली, ती टीडीएसपुरती असते. पगारदाराला विवरणपत्र भरताना दुसरी निवडता येते. फक्त जुनी हवी असेल तर ते मुदतीतच भरावं लागतं.

वरच्या सरांनी अर्ज परत केला. ज्यांनी नुकतीच सही करून टाकली आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते आणि किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. ही एक ओळ आपण पहिल्या पानावर छापलीत, तरी किती तरी घरांचे हप्ते वाचतील.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन आयकर कायदा, 2025 लागू होतो. 80सी ची तरतूद त्यात कलम 123 मध्ये गेली आहे. नवा क्रमांक दाखवून तीच पॉलिसी पुन्हा स्टाफरूममध्ये येईल. त्याआधी आपण 9 लाख आणि 15 लाख पगाराची दोन्ही रचनांतली आकडेमोड शेजारीशेजारी छापावी, त्याखाली विवरणपत्राची मुदत द्यावी, आणि विमा कंपन्यांच्या जाहिराती त्या पानावर घेऊ नयेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा