आपल्या हातचे वीस गुण

फेब्रुवारीतील तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा उरकून अंतर्गत गुणांचे तक्ते मंडळाकडे रवाना झाले, की आपण सारे एकदा हुश्श म्हणतो आणि लेखी परीक्षेच्या पर्यवेक्षणास लागतो. त्या तक्त्यांकडे नंतर फारसे कोणी पाहत नाही. पण पाहिलेच, तर शाळा गिरगावातील असो, दादरची असो वा परळ-लालबागची, वीसपैकी गुणांच्या रकान्यात अठरा, एकोणीस, वीस, पुन्हा एकोणीस अशीच ओळ बहुधा वरपासून खालपर्यंत उतरत गेलेली दिसते. याच मुलांना लेखी परीक्षेत ऐंशीपैकी कोणाला बावीस तर कोणाला शहात्तर पडतात, ही गोष्ट त्या रकान्याच्या गावीही नसते. उत्तीर्ण होण्यास लागणाऱ्या पस्तीस गुणांपैकी निम्म्याहून अधिक ज्या रकान्यातून येऊ शकतात, तो रकाना आपण खिरापतीसारखा वाटून टाकतो, हे या मासिकाच्या वाचकांना, म्हणजे ती वाटणाऱ्यांनाच, निराळे सांगावयास नको.

खिरापत बंद केली तर काय होते, याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. 2018-19 या वर्षी भाषा आदी विषयांतील हे गुण काढून घेण्यात आले, आणि आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला शालान्त परीक्षेचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, सबब सगळी घसरण तोंडी गुणांच्या नावावर टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि अकरावीच्या प्रवेशात केंद्रीय मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतील, या भीतीने पालक व संस्थाचालक यांनी एवढा गलबला केला, की काही महिन्यांतच ते गुण पूर्ववत झाले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. या सबंध वादात गुण द्यावेत की न द्यावेत, एवढ्याचीच चर्चा झाली. ते कशाबद्दल द्यावयाचे व ते योग्य दिले गेले की नाही याची रुजुवात कोणी करावयाची, हा प्रश्न शिक्षक संघटनांनीसुद्धा फारसा लावून धरला नाही, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

पुढे 2021 मध्ये महामारीमुळे लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालावरून पन्नास, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून तीस आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा गृहपाठ यांवरून वीस, अशी वाटणी ठरून मुलांचे भवितव्य प्रथमच सर्वस्वी शाळांच्या स्वाधीन झाले. निकाल लागला 99.95 टक्के. त्या वर्षीची मुलांची हलाखी ध्यानात घेता कोणा शिक्षकाने हात सैल सोडला, तर त्याला दूषण देण्याची आमची इच्छा नाही. परंतु शासनाने त्या गुणांवर न विसंबता अकरावीसाठी स्वतंत्र सामायिक प्रवेश परीक्षा जाहीर केली, यातील अर्थ आपण ओळखावयास हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2021 रोजी ती परीक्षा रद्दबातल ठरविली, आणि प्रवेश शाळांनी दिलेल्या त्याच गुणांवर झाले. आपण न्यायालयात वाचलो. शासनाच्या दफ्तरी मात्र आपल्या शब्दाची किंमत काय आहे, ते कळावयाचे तेवढे कळले.

या औदार्याचा भुर्दंड कोणास पडतो, हे पाहावयाचे तर गिरणगावातील रात्रशाळेत जावे. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी कामगारांच्या शिक्षणासाठी जी रात्रवर्गांची परंपरा या भागात रुजविली, ती गिरण्या गेल्या तरी सर्वस्वी लोपलेली नाही. अशा एका शाळेत मराठीची तोंडी परीक्षा ऐकण्याचा योग आम्हांस आला. दिवसा लालबागच्या बाजारात मसाल्याच्या दुकानी काम करणाऱ्या एका मुलीस परीक्षकांनी तिच्या कामाविषयी बोलावयास सांगितले. रंगासाठी बेडगी आणि तिखटासाठी लवंगी किती घ्यावयाची, मिरची उन्हात नीट वाळली नसेल तर कुटताना काय होते, आणि गिऱ्हाईक घरून प्रमाण लिहून आणते तेव्हा त्यातील चूक त्याला न दुखवता कशी दाखवावयाची, हे तिने कोठेही न अडखळता, कारणांसह सांगितले. तिच्या आधी आलेल्या मुलाने पर्यावरणावरील पाठ केलेल्या चार ओळी म्हटल्या होत्या, आणि तिसरीपाशी तो थांबला होता. दोघांनाही अठरा गुण मिळाले. परीक्षक सहृदय होते. त्यांनी आम्हांस नंतर सांगितले, की मुलीला वीस दिले असते तर मुलालाही द्यावे लागले असते. लेखी उत्तरपत्रिकेत जी मुलगी कदाचित पस्तीसच्या आसपास रेंगाळेल, तिच्या अंगची विवेचनशक्ती कागदावर उमटण्याची एकुलती एक जागा त्या रकान्यात होती, आणि ती आपणच समानतेच्या नावाखाली बुजवून टाकली. शिवाजी पार्क परिसरातील सुस्थित घरच्या मुलाचे यात काही बिघडत नाही, कारण त्याच्यापाशी लेखीतील गुण, खासगी वर्ग आणि पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी, हे सर्व असते.

शिक्षकाच्या निर्णयास परीक्षेत स्थान असावे, ही मागणी काही नवी नव्हे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांचे ओझे कमी करून शाळेने ठेवलेल्या सर्वंकष नोंदींस महत्त्व द्यावे असे सुचविले होते आणि कोठारी आयोगानेही अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने तर 1970 च्या रॅडफर्ड समितीच्या शिफारशीवरून सार्वजनिक परीक्षाच काढून टाकली व जवळजवळ अर्धशतक शाळांच्या मूल्यमापनावर कारभार चालविला. तेथे तो चालला याचे कारण तेथील शिक्षक अधिक सत्यवचनी होते असे नव्हे. एका शाळेने दिलेल्या श्रेणी, मुलांच्या प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यांसह, अन्य शाळांतील शिक्षकांच्या मंडळापुढे ठेवाव्या लागत, आणि तेथे त्यांचे समर्थन करावे लागे. उलट इंग्लंडने ऑगस्ट 2020 मध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी संगणकीय सूत्राने दुरुस्त करावयास घेतल्या, सुमारे चाळीस टक्के श्रेणी खाली ओढल्या आणि चार दिवसांत ते सूत्र मागे घेतले. तेव्हा शिक्षकांच्या गुणांची तपासणी व्हावयाची असेल, तर ती शिक्षकांनीच समोरासमोर बसून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लेखी उत्तरपत्रिकेला परीक्षक, नियामक व मुख्य नियामक अशी तीन माणसांची साखळी आहे. तोंडी परीक्षेला परीक्षकापुढची एकही कडी नाही. ती जोडण्यास कायदा बदलावा लागत नाही. चर्नी रोडपासून दादरपर्यंतच्या शाळा एकमेकींपासून लोकलने साधारण पाव तासाच्या अंतरावर आहेत. गिरगावच्या शिक्षकाने परळच्या चार मुलांची तोंडी परीक्षा शेजारी बसून ऐकावी, परळच्याने गिरगावची ऐकावी, दोघांनी गुण स्वतंत्रपणे मांडावेत, आणि तफावत पडेल तेथे कारण दोन ओळींत लिहून ठेवावे. अठरा आणि बारा यांच्यातील अंतर समोरच्या सहव्यावसायिकास समजावून सांगताना जी अडचण होईल, ती कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक शिकवील. आपल्या शाळेचा निकाल खाली जाईल आणि तुकडी तुटेल, ही मुख्याध्यापकांची धास्ती खोटी नाही. मराठी शाळांच्या पटसंख्येची आजची अवस्था पाहता ती क्षम्यही आहे. म्हणूनच एकट्या शाळेने हे धाडस करू नये, पाच-सात शाळांनी मिळून करावे.

वेळ कोठून आणावयाचा, हा आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतो. वीस गुणांची परीक्षा दोन मिनिटांत उरकली जाते ती पुष्कळदा आळसाने नव्हे, तर त्याच आठवड्यात शिक्षकाच्या हाती मतदारयादीच्या नाही तर कसल्याशा सर्वेक्षणाच्या कामाचा हुकूम पडलेला असतो म्हणून. शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाकडे संघटनांनी या वर्षी अन्य काही मागण्यापूर्वी एवढे लेखी मागून घ्यावे, की तोंडी परीक्षांच्या मुदतीत असला एकही हुकूम माध्यमिक शिक्षकांवर बजावला जाणार नाही, आणि दुसऱ्या शाळेत परीक्षा ऐकावयास गेलेल्या शिक्षकाचा तो दिवस कामाचा दिवस म्हणून हजेरीपटावर धरला जाईल.