‘काय हुतंय?’ आणि काय होतं

आजरा तालुक्यात पाऊस लागला की दोन गोष्टी हमखास चढतात. एक हिरण्यकेशीचं पाणी आणि दुसरा माणसांचा आत्मविश्वास. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असतं, अलीकडे चार मोटारसायकली थांबलेल्या असतात. पाचवा येतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि म्हणतो, “काय हुतंय?” वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नव्हे. उत्तर ऐकायला तो थांबलेलाच नसतो.

या प्रश्नाची उत्तरं सरकारी दवाखान्यात येतात. कधी चालत, कधी घोंगड्याच्या झोळीतून, कधी १०८ च्या गाडीतून. केसपेपरवर कारणं वेगवेगळी लिहिली जातात. सर्पदंश, शॉक, उंचावरून पडणे, विषबाधा. पण त्या कारणाच्या दोन मिनिटं आधी उच्चारलेलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं.

हे वाक्य म्हणणारी माणसं मूर्ख नसतात. उलट त्यांच्याकडे पुरावा असतो. “वीस वर्षं असंच करतोय, आजवर काही झालं नाही.” इथंच गणित चकतं. समजा, एखादी गोष्ट हजार वेळा केली तर ९९९ वेळा काहीच होत नाही. ऐकायला हे फारच सुरक्षित वाटतं. तीच गोष्ट रोज एकदा अशी दहा वर्षं केली, म्हणजे ३६५० वेळा केली, तर एकदाही न फसण्याची शक्यता उरते जेमतेम अडीच टक्के. ‘आजवर काही झालं नाही’ याचा अर्थ ‘होत नाही’ असा नसून ‘नशीब अजून शिल्लक आहे’ असा होतो. नशिबाचं पासबुक मात्र कुणाला भरून मिळत नाही.

तेव्हा घर, शेत आणि रस्ता यांसाठीचे हे दहा नियम. ते कुठल्याही शासन निर्णयात नाहीत. बहुतेक आजीला माहीत होते. कारणं तेवढी विज्ञानाची.

नियम पहिला : पाण्याशी कुस्ती खेळू नये, त्याचं वजन जास्त असतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, ही त्याची चूक नव्हे. पुराचं पाणी अंगावरून जाऊ द्यायचं म्हणूनच तो तसा बांधलेला असतो आणि पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढून ठेवतात. तो पूल असल्याचा समज आपला. वेगानं वाहणारं वीतभर पाणीही माणसाचा तोल घालवतं. चारचाकीवाल्यांनी वेगळा हिशोब करावा. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद गाडी पाण्यात दहा सेंटिमीटर बुडाली की पाणी तिला सुमारे ६०० किलोच्या जोरानं वर उचलतं. म्हणजे तळाला पाणी लागल्यावर आणखी वीतभर चढलं की हजार किलोची गाडी होडी होते. फक्त तिला वल्हं नसतं.

नियम दुसरा : अंथरूण जमिनीवर असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचावी. ती केवळ डासांसाठी नाही. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घास गिळवत नाही, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, “झोप झाली नसेल, पडू द्या अजून थोडं.” पावसाळ्यात सकाळी डोळे उघडत नसलेल्या माणसाला झोपू देऊ नये, गाडीत घालावं. आणि रात्री परसात जाताना बॅटरी हातात हवी, खुंटीवर नको.

नियम तिसरा : साप चावला तर मोटारसायकलचं तोंड देवळाकडे नव्हे, दवाखान्याकडे करावं. मंत्रानं उतरल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत आणि त्या सांगणारे खोटं बोलत नाहीत. चावणाऱ्या सापांत बिनविषारी खूप असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा रुग्णाला मंत्र, काढा किंवा नुसता चहा दिला तरी तो बराच होतो. खरं विष भिनलेला रुग्ण आला की तोच मंत्र हरतो, पण ती गोष्ट कुणी सांगत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. लहान मुलालाही ते मोठ्यांइतकंच लागतं, कारण सापानं विष वय विचारून सोडलेलं नसतं. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडानं ओढू नये. अंगठ्या, जोडवी, पैंजण काढावं, हातपाय हलवू नये आणि निघावं. साप मारून सोबत आणायचीही गरज नाही. त्या भानगडीत दुसरा रुग्ण तयार होतो.

नियम चौथा : कोल्ड्रिंकच्या बाटलीत फक्त कोल्ड्रिंक असावं. तणनाशक, रॉकेल, ॲसिड, फिनेल हे ज्या डब्यात आलं त्याच डब्यात, कुलपात. तहानलेलं लेकरू लेबल वाचत नाही, आणि अंधारात मोठी माणसंही वाचत नाहीत. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर तर आजही खात्रीचा उतारा नाही. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. जाताना घशाला आणि येताना फुप्फुसाला, असं दोनदा भाजतं. सोबत डबा मात्र न विसरता आणावा.

नियम पाचवा : विजेला ओळखपाळख नसते. फ्यूज सारखा जातोय म्हणून तिथं जाड तार घालणं म्हणजे राखणीचं कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधणं. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बरी. घराच्या मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारी कळ बसवून मिळते, वायरमन तिला आरसीसीबी म्हणतात. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. आणि डुकरांसाठी कुंपणात करंट सोडणं हा गुन्हा तर आहेच. शिवाय डुक्कर आणि शेजारी यांतला फरक तारेला कळत नाही.

नियम सहावा : शेगडी पेटली की खिडकी उघडावी. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा फडक्यानं बंद करायच्या, ही माया झाली. पण कार्बन मोनॉक्साइडला माया कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग छान झोप लागते. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही हेच करतो. त्याची जागा बाहेर. जुना तांब्याचा बंब पडवीत किंवा अंगणात असायचा, त्यात शहाणपण होतं.

नियम सातवा : छपराला आपलं वजन विचारून वर चढावं. मिरगाच्या आधी कौलं परतायला आणि पत्रे दुरुस्त करायला जो तो वर चढतो. सिमेंटचा पत्रा जुना झाला की पावाच्या तुकड्यासारखा मोडतो, वरून मात्र ठणठणीत दिसतो. पाय पत्र्यावर नव्हे, खालच्या वाशाच्या रेषेवर आडवी फळी टाकून तिच्यावर द्यावा. “मी हलका आहे” हे वाक्य खाली पडल्यावर फारसं उपयोगी येत नाही. फणस आणि काजूच्या झाडालाही हेच लागू.

नियम आठवा : हेल्मेट डोक्यात घालायचं असतं, कोपराला नाही. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारा माणूस थांबलेल्या ट्रॉलीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, साधारण दहा मीटरवरून, खाली पडणाऱ्याइतका असतो. गच्चीच्या कठड्यावर कुणी उभं राहिलं तर सगळा गाव ओरडेल. तीच उंची आडवी झाली की कुणी काही बोलत नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. हेल्मेटइतकाच तो लाल कागदही गरजेचा.

नियम नववा : वाचवायला जाणाऱ्यानं आधी दोरी शोधावी. बऱ्याच दिवसांची बंद विहीर, गोबरगॅसचा खड्डा, शोषखड्डा यांत एक जण उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याच्यामागं भाऊ उतरतो, मग शेजारी. आत दोष असतो हवेचा, आणि ती हवा धाडस बघून सुधारत नाही. बुडणाऱ्याच्या बाबतीतही तसंच. ज्याला पोहता येत नाही त्यानं उडी मारू नये. दोरी, काठी, ट्यूब, साडी, जे हाताशी असेल ते फेकावं. धाडस करायचंच तर काठावरून करावं.

नियम दहावा : हत्ती आणि गवा यांची परवानगी घेतल्याशिवाय फोटो काढू नये. ते परवानगी देत नाहीत. आजरा-चंदगड पट्ट्याला हत्ती आता नवा नाही, पण सवय झाली म्हणून तो माणसाळला असं नव्हे. नर गवा ८०० ते १००० किलोचा असतो आणि दोघंही आपल्यापेक्षा वेगानं पळतात. मोबाइलमध्ये तो लांब दिसतो, कारण मोबाइलमध्ये सगळंच लांब दिसतं.

नियम संपले. पण सगळा दोष ‘काय हुतंय’ म्हणणाऱ्यावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. रात्री दोन वाजता उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी बेफिकीर असतो म्हणून जात नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आलेली असते म्हणून जातो. त्याला ‘काळजी घ्या’ असं सांगणं सोपं आहे, दिवसा वीज देणं अवघड. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. ती ऊर्जा खात्याची योजना मानली जाते. सर्पदंशाच्या बाजूनं पाहिलं तर ती आरोग्य योजनाही आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि घरीच झालेले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा केंद्राचा २०२४ चा कृती आराखडा सांगतो. त्यासाठी प्रतिविषाच्या बाटल्या हव्यातच. पण पायात गमबूट, हातात बॅटरी आणि शेतात दिवसाची वीज असेल, तर त्यातल्या कितीतरी बाटल्या कपाटातच राहतील.

बंधाऱ्याचंही तेच. पाणी चढल्यावर दोन्ही टोकांना नुसता फलक लावून भागत नाही. फलक वाचून पुढं जाणारे इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आडवा दांडा आणि त्याला कुलूप लागतं. सुरक्षितता माणसाच्या मनावर सोडली की ती दमल्यावर, घाईत, अंधारात किंवा पाहुण्यांसमोर मोडते. ती वस्तूत घातली की टिकते. खोचलेली मच्छरदाणी रात्रभर जागी असते. कुलपातलं तणनाशक कुणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसतं. आरसीसीबीला कधी ‘काय हुतंय’ असं वाटत नाही.

दहाही नियम एकदम पाळायला कुणी सांगत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर घरात एक फेरी मारावी. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत काय आहे ते पाहावं, बॅटरी पेटते का ते बघावं, लोखंडी तारेवरचे कपडे काढून दोरीची सोय करावी. अर्ध्या तासाचं काम आहे. घरातलं कुणीतरी नक्की विचारेल, “एवढं कशाला, काय हुतंय?” त्याला उत्तर देत बसू नये. बॅटरी त्याच्या हातात द्यावी आणि परसातला दिवा लागतो का ते बघायला पाठवावं. चप्पल घालून.